सेफ्टी व्हॉल्व्हला 'सुरक्षा झडप' म्हणावं का?

फोंड्याहून प्रश्न: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी द्रवइंधन रॉकेटचा तक्ता मराठीत करतोय. टाकीवर व्हेंट व्हॉल्व्ह, रिलीफ व्हॉल्व्ह आणि बर्स्ट डिस्क आहेत. मुलांनी तिन्हींना 'सुरक्षा झडप' लिहून मोकळं केलंय. चालेल?

म्हापशाहून: नाही चालणार. 'झडप' ठेवा, 'सुरक्षा' काढा. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो, द्रव हायड्रोजन उणे 253 ला. कितीही आवरण घाला, बाहेरची उष्णता आत शिरतेच आणि टाकीत वाफ साचत राहते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो स्प्रिंगला ढकलतो, झडप उघडते, वायू बाहेर पडतो. ही 'दाबमुक्ती झडप' (रिलीफ व्हॉल्व्ह). इंधन भरताना आज्ञा देऊन मुद्दाम उघडतात ती 'निकास झडप' (व्हेंट व्हॉल्व्ह). कधी दोन्ही कामं एकाच झडपेकडे असतात.

आणि निम्मं काम तर पुन्हा घट्ट बसण्याचं. 12 ऑगस्ट 2021 ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ10 रॉकेट ईओएस-03 उपग्रहासकट गेलं, ते हायड्रोजन टाकीची हीच झडप गळाल्यामुळे. टाकीत पुरेसा दाब राहिला नाही, आतला इंधन पुढे ढकलणारा बूस्टर पंप नीट चालला नाही, क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावरच्या) इंजिनाने जोर धरलाच नाही. टाकी फुटली नव्हती हो! 'सुरक्षा' म्हटलं की फक्त फुटण्याचीच भीती डोळ्यांपुढे येते.

बर्स्ट डिस्क मात्र झडप नव्हेच. धातूची पातळ चकती, ठरलेल्या दाबाला फाटते, परत मिटत नाही. मी 'फुटचकती' म्हणेन.

डिचोलीहून: फुटचकती झकास. पण 'सुरक्षा झडप' बॉयलरपासून रुळलेला शब्द आहे, तो एकदम चुकीचा ठरवू नका. तक्त्यावर मोठं शीर्षक म्हणून राहू दे.

बाकी झडप दाबावर आपोआप चालते हे गोव्यातल्या पोरांना समजवायला खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतली) मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दाखवा. भरतीचं पाणी रेटतं तसं दार मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. माणूस लागत नाही.

म्हापशाहून: मानस उत्तम, पण ती नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसाठी. म्हणजे 'एकदिशा झडप'. रॉकेटच्या नळ्यांत तीही असते, दाबमुक्तीशी तिची गल्लत नको. शीर्षकाचं मान्य.

फोंड्याहून: मग वर 'सुरक्षा व्यवस्था', खाली दाबमुक्ती झडप, निकास झडप, फुटचकती. एकदिशा झडपेला वेगळा रंग देतो. एका मुलाने 'तो झडप' लिहिलंय, व्हॉल्व्हचं लिंग चिकटलं असणार. तेही बदलून घेतो.