साताऱ्यात दोन दिवस: पदराला खार न लावता काय बघावं?

गोदाकाठची
डिसेंबरात भाचीची परीक्षा आहे साताऱ्याला, शनिवार-रविवार. तिला केंद्रावर सोडलं की मी, आई (वय ७६, गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांचा मुलगा असे तिघं मोकळे. मुक्काम आणि जेवण पोवई नाक्याजवळ नातेवाइकांकडे. गाडी नाही. दोन दिवसांत फिरण्यावर पाचशेच्या वर खर्च करायचा नाहीये. आईला देवळं आणि नदी आवडते, मुलाला किल्ले. तिकीट नसलेल्या जागा सांगाल का?

डोंगरवेडा
अजिंक्यतारा! विचारायचं काय त्यात? तिकीट नाही, दरवाज्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. पहाटे गेलात तर निम्मं सातारा वर चढताना दिसेल. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला. ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष बघा, मंगळाईचं दर्शन घ्या आणि कड्यावरून यवतेश्वर, जरंडेश्वर ओळखायला लावा पोराला. मुख्य दरवाज्याचे दोन बुरुज अजून जसेच्या तसे उभे आहेत. आम्ही घरचे सगळे चालतच जातो, रिक्षा कशाला हवी?

सफरचंद
ताई, साताऱ्यापर्यंत येताय तर कास-बामणोली सोडू नका. आम्ही तलावाकाठी तंबूत राहिलो, रात्रीचे साडेचार हजार, दोन वेळचं जेवण त्यातच. बोटिंग वेगळं. पैसा वसूल! गाडी ठरवा, दिवसाचे तीन हजार घेतात.

रानफूल
@सफरचंद, त्यांचं बजेट पाचशे आहे, तेही दोन दिवसांचं. आणि डिसेंबरात कासला वाळलेलं गवत बघायला जायचं का? फुलं साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेव्हा तिकीट लागतं. पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे म्हणून बाराही महिने बहरलेलं असतं, असा समज का झालाय कळत नाही.

सफरचंद
तलाव तरी असतोच ना. आम्हाला आवडलं.

परळीखोरे
सज्जनगडाला जा. समर्थांची समाधी, दुपारी महाप्रसाद, राहायची सोय, कशाचेच पैसे मागत नाहीत. वरून उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. एसटीने जा. आईंना पंचाहत्तरी पूर्ण म्हणजे अमृत योजनेत प्रवास मोफत, तुम्हाला बाई म्हणून अर्धं तिकीट, मुलालाही अर्धं. आईंचं आधार कार्ड तेवढं जवळ असू द्या. तिघांचं जाऊन-येऊन एका चहा-वड्याच्या बिलात बसेल.

सुमनकाकू
अहो, ७६ वर्षांच्या बाईला सज्जनगडाच्या पायऱ्या सांगताय? वाहनतळापासून पुढे चढायचंच असतं. माझ्या सासूबाई अर्ध्यातून खाली आल्या आणि पुढचा आठवडा अंथरुणावर होत्या. आणि प्रसाद फुकट आहे म्हणून सहल काढू नये. जेवलात तर देणगी द्यावी.

परळीखोरे
काकू, देणगी ज्याची त्याने ठरवावी. गडावर पंगतीत शेजारी कोण बसलंय आणि त्याने किती दिले हे कुणी विचारत नाही, तीच तर तिथली रीत आहे. ऐपत नसलेल्याने जेवायला संकोच करावा असं वाटत असेल तर मला ते मान्य नाही.

सुमनकाकू
ऐपत असलेल्यांबद्दल बोलतेय मी. गाड्या घेऊन येतात आणि दानपेटीकडे बघतसुद्धा नाहीत.

विहीरवाला
लिंबची बारा मोटेची विहीर कुणीच कशी सांगितली नाही? शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी बांधून घेतली, १७१९ ते १७२४. अष्टकोनी, ११० फूट खोल. पायऱ्या उतरून आत गेलं की वाघ-हत्तींची शिल्पं लागतात, आणि दोन भागांना जोडणाऱ्या पुलावर चक्क छोटा महाल आहे. वर मोटा जिथे बसवायचे तिथले दगड नीट बघा, मुलाला पाणी कसं ओढायचे ते हात लावून समजेल. तिकीट नाही. महामार्गावर लिंब फाट्याला उतरायचं, आत रिक्षा. काठाला सगळीकडे कठडा नाही, मुलाचा हात सोडू नका.

पुणेरी_पावशेर
संग्रहालयात वाघनखं बघा! आम्ही २०२४ ला रांग लावून पाहिली, फोटो आहेत.

रानफूल
ती लंडनहून आलेली होती, साताऱ्यानंतर नागपूरला गेली. आता ती बघायला म्हणून जाऊ नका.

शनिवारपेठ
मी जन्माचा सातारकर, म्हणून लिहितो. गाडी नाही, आई थकलेल्या, तर संगम माहुली बघा. शहरापासून पाचेक किलोमीटर, कोरेगावकडची एसटी तिथूनच जाते. कृष्णा-वेण्णेचा संगम, १७३५ सालचं विश्वेश्वराचं दगडी देऊळ, समोरच्या तीरावर क्षेत्र माहुलीचं रामेश्वर. रामशास्त्री प्रभुणे इथलेच. मुलाला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवा, दगडात कुत्रा कोरलाय. वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून बांधली असं सांगतात.
शहरात राजवाडा बघा. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्याच शाळेत घातलं, तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस असतो. समोर गोलबागेत आईंना बसता येईल. संध्याकाळी चौपाटीवर मात्र मुलगा पैसे खर्च करायला लावणार, ते धरून चाला.

नवखा
वरचं सगळं वाचलं नाही, पण अजिंक्यतारा चुकवू नका. आणि कंदी पेढे!

डोंगरवेडा
+१. किल्ला न बघता सातारा बघितलं म्हणायचं नाही.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिने माहुली ऐकलं आणि पुढचं ऐकायलाच तयार नाही. दोन्ही दिवस सकाळी घाटावरच जायचं म्हणते, एक दिवस या तीरावर, एक दिवस त्या. म्हणून किल्ला, सज्जनगड, विहीर सगळं बाद. मुलगा किल्ल्यासाठी हटून बसलाय, पण आईला एकटीला सोडून मी वर जाणार नाही. रविवारी दुपारी राजवाडा आणि गोलबाग जमवते. पैसे उरले तर पेढे.

डोंगरवेडा
अहो, दोन्ही दिवस एकाच गावी? पोराला माझ्याबरोबर धाडा, पहाटे सहाला दरवाज्यावर असतो मी.

शनिवारपेठ
अनोळखी माणसाबरोबर पोर कसं धाडतील? ताई, माहुलीच्या पायऱ्या पाण्याजवळ शेवाळलेल्या असतात, आईंना वरच्याच पायऱ्यांवर बसवा. सकाळी नदीवर गार वारा असतो, शाल घ्या. रामेश्वराला पूल ओलांडून जावं लागतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी रिक्षा करा आणि जायचं-यायचं मिळून आधीच ठरवून घ्या.