घरच्या पार्किंगचं शटर जड झालंय, करकरतंय. नक्की कोणतं तेल घालायचं?

मंजिरी_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. घराखाली गाडीसाठी शटर आहे, हाताने ओढायचं, स्प्रिंगवालं. दहा फूट रुंद, नऊ फूट उंच, तोंड पश्चिमेला. सकाळी कसंबसं वर जातं, पण दुपारी मुलाला क्लासला सोडायला गाडी काढायची म्हटलं की दोन माणसं लागतात. उजव्या बाजूने खर्र असं घासल्यासारखं होतं आणि वरच्या डब्यातून कुईं कुईं येतं, ते वेगळंच.

सासऱ्यांनी मागच्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूच्या चॅनलमध्ये बोटाने ग्रीस भरलं होतं. त्याचं आता काळं, चिकट पीठ झालंय. बाजूच्या प्लॉटवर बांधकाम सुरू आहे, धुळीचं तर विचारूच नका. एका कारागिराने शटर न बघता फोनवरच सांगितलं, "अख्खं बदलून टाका." सासरे म्हणतात जळकं ऑईल ओत, नवरा म्हणतो डब्ल्यूडी-४० मार. मी मध्ये उभी आहे. काय करू?

खटपट्या

आमच्याकडे सगळ्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल लागतं. स्वस्त, वास छान, हाताला लागलं तर केसांना पुसायचं. करून बघा.

शटरवाला_वाडी

खोबरेल नका घालू ताई. चोवीस अंशाच्या खाली गोठते ते. डिसेंबरात नागपूरची सकाळ दहा-बारा अंशांची असते, तेव्हा स्प्रिंगमध्ये तुपासारखं बसून राहीन.

मी शटरच बनवतो, वर्कशॉप वाडीला. पहिली गोष्ट, चॅनलमध्ये ग्रीस लावायचंच नसते. तिथं पट्ट्यांची टोकं वरखाली सरकतात, अन् ग्रीस धूळ धरून ठेवते. तुमच्या बाजूला बांधकाम म्हणजे वाळू अन् सिमेंट. ते ग्रीसमध्ये मिसळलं की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते, अन् ती पेस्ट तुमच्या पट्ट्या रोज घासून राहिली. जळक्या ऑईलनं तेच होईन, वर फरशीला डाग अन् शाळेच्या शर्टाला डाग.

तं आधी ते काढा. शटर पूर्ण वर न्या, खालून मजबूत बल्लीचा टेकू द्या, नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर खाली उभं राहू नका. लांब पेचकसाला जुनं सुती फडकं गुंडाळा, डिझेलमध्ये भिजवा अन् चॅनल वरून खाली पुसत या. बिडी-अगरबत्ती दूर ठेवा. फडकं काळं निघणं थांबलं की कोरड्या फडक्यानं पुसा. मग सिलिकॉनचा स्प्रे, पातळ, एक हात. तो वाळतो, धूळ कमी धरतो. नसला तं कोरडं ठेवा, कोरडं चॅनल ग्रीसच्या चॅनलपेक्षा कधीही बरं.

डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं. गंजलेला बोल्ट सोडवायला, ओल हटवायला एक नंबर. पण पातळ असते, उडून जाते. त्याच्यावर स्प्रिंग चालवायची म्हणाल तं दर पंधरवड्याला मारत बसा.

आता उन्हाचं. तुम्ही म्हणता दुपारी अडते. दहा फुटाची पोलादी पट्टी ५० अंशानं तापली तं पावणेदोन-दोन मिलिमीटरच वाढते. २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता, तो हवेचा. पश्चिमेच्या पत्र्यावर त्याहून किती असते ते हात लावून पाहा. (नका लावू.) पण चॅनलमध्ये एवढी वाढ सोसेल एवढी जागा ठेवलेलीच असते. मग दुपारी अडते काहून? जागा दुसऱ्याच कशानं तरी खाल्ली आहे. एकतर गाडीचा बंपर लागून चॅनल दबलं आहे, नाहीतर पट्टी सरकली आहे.

तुमची खर्र एकाच बाजूला आहे म्हणून मी पट्टीवर जातो. एक सोडून एक पट्टीच्या टोकाला लोखंडी क्लिप रिवेट केलेली असते, पट्टी आडवी सरकू नये म्हणून. रिवेट तुटली की पट्टी हळूहळू एका अंगाला जाते अन् चॅनलच्या आतल्या भिंतीला घासते. शटर खाली करा अन् आतून डावीकडं पाहा, उजवीकडं नाही. डाव्या चॅनलमध्ये एखाद्या पट्टीचं टोक कमी गेलेलं दिसलं तं तीच उजवीकडं सरकली. लाकडाचा ठोकळा ठेवून हळू ठोका, परत येईन. क्लिप मात्र नवीन मारून घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत पुन्हा तेच.

वरची कुईं कुईं म्हणजे स्प्रिंग अन् बेअरिंग. शटर खाली असताना डब्याचं झाकण काढा. स्प्रिंगवर शिलाई मशीनचं ऑईल ब्रशनं, टपकेल एवढं नाही. बेअरिंगला लिथियम ग्रीस, वाटाण्याएवढं. बस. अन् ब्रॅकेटचा किंवा शटर ज्याच्यावर गुंडाळते त्या पाईपाचा एकही बोल्ट हलवायचा नाही. शटर खाली असते ना, तेव्हाच स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली असते. बोल्ट सुटला की पाईप गरकन फिरतो, हात मोडलेले पाहिले आहेत मी.

अंबाझरी_लेआऊट

भाऊंनी चॅनल वरून पुसायला सांगितलं, मी खालून एक भर घालतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या शटरच्या आत कंबरभर पाणी होतं. गाळ काढला, फरशी धुतली, पण चॅनलच्या तळाशी बोटभर चिखल राहून गेला आणि तो वाळून विटेसारखा झाला. शटर पूर्ण खाली टेकेचना, कुलूप लागेना. त्रिमूर्तीनगरला पूर नसेल, पण नवीन सिमेंट रोड उंच झाल्यामुळे पावसाचं पाणी आत येत असेल तर तळ एकदा चाकूने खरवडून बघा. खालच्या जाड पट्टीला आतून गंज असेल तर घासून रेड ऑक्साईड मारा.

नवीन_घर_मनीषनगर

आमचं मोटरवालं आहे. मोटरमध्ये कुठे ऑईल घालायचं?

शटरवाला_वाडी

कुठंच नाही जी. मोटरीला हात लावू नका. चॅनल तसंच पुसायचं. अन् बाजूची साखळी कधीमधी ओढून पाहत जा, लाईट गेली की तीच कामाला येते. साईडचं कुलूप लावून ठेवून कुणी बटन दाबलं तं पट्ट्या वाकतात. घरातल्या पोरांना हे आधी सांगा.

मंजिरी_त्रिमूर्तीनगर

केलं सगळं. रविवारी मी आणि सासरे, तेही हट्टाने आले. दोघांचे हात संध्याकाळपर्यंत डिझेलचा वास मारत होते. चॅनलमधून निघालेल्या काळ्या लगद्यात अक्षरशः वाळू चमकत होती. डावीकडे बघितलं तर खालून तिसरी पट्टी अंगठ्याच्या नखाएवढी आत नव्हती! ठोकळ्याने परत आणली. खर्र गेली, कुईं पण गेली.

पण शटर अजून जडच आहे. कमरेपर्यंत उचलून हात ढिला केला की सरळ खाली यायला बघतं. तेल कमी पडलं का?

शटरवाला_वाडी

तेलाचं काम संपलं ताई, आता स्प्रिंगचं आहे. चांगलं शटर अर्ध्यावर सोडलं तं तिथंच थांबायला पाहिजे. आपोआप वर पळालं तं पीळ जास्त, खाली आलं तं पीळ उतरला किंवा एखादी स्प्रिंग तुटली. वर जाताना एक बाजू मागं राहत असेल तं तुटलेलीच समजा. पीळ भरायचं काम घरी करायचं नाही.

अजून एक. तुमचं माप नव्वद चौरस फूट. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, नियमात हाताच्या शटरला आठ चौरस मीटरच्या वर, म्हणजे साधारण शहाऐंशी चौरस फुटाच्या वर, बॉल बेअरिंग लागते. तुमच्यात मी बेअरिंगला ग्रीस लावा म्हटलं, पण आहे का ते पाहिलं का? बऱ्याच घरी ठेकेदार पैसे वाचवायला पाईप नुसता ब्रॅकेटमध्ये ठेवून देतो. कारागीर आला की डबा उघडून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. नसेल तं स्प्रिंगसोबतच टाकून घ्या, दोनदा उतरवायची मजुरी काहून द्यायची? पट्ट्या सरळ असतील तं अख्खं शटर बदलायचं काही काम नाही.

अन् तो यायच्या आधी गाडी बाहेर काढून ठेवा. एकदा स्प्रिंग उतरवली की काम होईपर्यंत शटर वर जात नाही.