मदत हवी आहे : चालू असलेले मराठी वैयक्तिक ब्लॉग शोधायचे कसे?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते. मराठीत अजून लिहिते असलेले वैयक्तिक ब्लॉग कुठे सापडतील? माझ्या ब्लॉगवर "मी काय वाचते" असा भाग करायचा आहे आणि तो येत्या रविवारी लावायचा आहे. गूगलवर "मराठी ब्लॉग" टाकलं की सरकारी योजना, नोकरभरती, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शाळेचे निबंध येतात. जुन्या याद्या मिळाल्या, पण त्यातल्या लिंका चालत नाहीत. शिफारस करायला परवानगी लागते का, तेही सांगा. फेसबुकवर शोधून झालं आहे, तो उपाय नको. जरा लवकर मदत करा.

पंत_डोंबिवली
ताई, तीन गोष्टी कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तुमचा ब्लॉग ब्लॉगरवर आहे की वर्डप्रेसवर? तुम्हाला कोणत्या विषयाचे ब्लॉग हवेत? आणि "लिंका चालत नाहीत" म्हणजे नेमकं काय होतं? पान सापडत नाही असं येतं की भलतंच काही उघडतं?

यशस्वी_भव
सर्वात आधी स्वतःचं डोमेन घ्या. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) टाका, शीर्षकात मुख्य शब्द आणा आणि आठवड्याला निदान दोन लेख लिहा. माझ्या ब्लॉगचे वाचक असेच वाढले. बाहेरच्या लिंका देताना मात्र जपून, वाचक तिकडे गेला की परत येत नाही.

कोयनाकाठ
@यशस्वी_भव, वाचक वाढवायचे नाहीयेत हो. दुसऱ्यांचं लेखन शोधायचं आहे. वाचक तिकडे जावा म्हणूनच तर करते आहे.
@पंत, ब्लॉगरवर आहे. विषय असा एक नाही.

जुनी_वही
धागा वाचून फार बरं वाटलं. २००७ ते २०१२ या काळात हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. मराठी ब्लॉग विश्व नावाचं संकेतस्थळ होतं, तिथे नोंदवलेल्या ब्लॉगांवरचं नवं लेखन एकाच पानावर दिसायचं. स्टार माझाची "ब्लॉग माझा" स्पर्धा असायची, तिच्या निकालातून कितीतरी नवी नावं कळायची. "रेषेवरची अक्षरे" हा दिवाळी अंक तर ब्लॉगांवरच्या निवडक लेखनाचाच होता. शिवाय प्रत्येकाच्या ब्लॉगच्या कडेला इतरांच्या ब्लॉगांची यादी असायची, एकावरून दुसऱ्यावर जाता जाता रात्रीचा एक वाजायचा. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉगांवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारी सेवा, बंद झाली आणि ही सवयच मोडली. आपापल्या ब्लॉगवर ती यादी पुन्हा लावणं हाच खरा उपाय आहे. तुम्ही ते करताय, जरूर करा.

टोरांटोकर
जुनी_वही, आठवणी छान आहेत, पण त्यांना आज काय उपयोग? लिहिणारे लोक ईमेलवर गेले. सबस्टॅकवर (लेख ईमेलने पाठवायची सेवा) मराठीत लिहिणारे आहेत. वर्गणीदार व्हा, लेख थेट पेटीत येतो. फीडबिड (ब्लॉगवरच्या नव्या नोंदी वाचनाच्या ॲपकडे आपोआप पोचवणारी सोय) कुणी वापरत नाही आता.

जुनी_वही
मी रोज वापरतो. फीडली किंवा इनोरीडर अशा फीड वाचायच्या ॲपमध्ये ब्लॉगचा पत्ता टाकला की नवीन नोंद आपोआप दिसते. कुणाला ईमेल द्यावा लागत नाही आणि काय आधी दाखवायचं हे कोणती कंपनी ठरवत नाही. तुमच्या सबस्टॅकलाही फीड असते, तीही त्यातच वाचता येते. मग भांडण कशाचं?

टोरांटोकर
भांडण नाही. सामान्य वाचकाला "फीड" म्हटलं की काही कळत नाही, एवढंच म्हणणं आहे. माझ्या आईला ईमेल उघडता येतो, फीडली नाही.

पंत_डोंबिवली
आईंना काय जमतं हा वेगळा धागा काढा. कोयनाकाठ, लिंकांचं राहिलं. काय उघडतं?

कोयनाकाठ
काहींवर "हा ब्लॉग काढून टाकला आहे" असं येतं. पण बऱ्याचशा दाबल्या की भलतंच पान येतं किंवा काहीच येत नाही. एका यादीतल्या जवळजवळ सगळ्याच तशा आहेत.

पंत_डोंबिवली
ब्लॉगरवरच्या ब्लॉगांच्या पत्त्यात ब्लॉगस्पॉट असतं. त्या पत्त्यांच्या शेवटी ब्लॉगस्पॉट.इन आहे का बघा. असेल तर ब्लॉग जिवंत असू शकतात. २०१२ पासून भारतातून ब्लॉग उघडला की गूगल .कॉमचा पत्ता .इनवर वळवत असे. लोकांनी तेव्हा पत्ता वरच्या पट्टीतून उचलला आणि आपल्या यादीत तसाच चिकटवला. पुढे २०२० मध्ये ते .इनचं नाव गूगलच्या हातातून गेलं. .इन खोडून .कॉम करा आणि पुन्हा उघडा.
ज्यांवर "काढून टाकला" येतं ते मात्र गेलेच. त्यांचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुन्या पानांच्या प्रती जपणारं संकेतस्थळ) टाकून बघा, काही पानं मिळतील.

कोयनाकाठ
उघडले!! सगळे नाहीत, पण निम्म्याहून जास्त उघडले. मनापासून आभार. आता अडचण अशी की त्यातल्या बहुतेकांवर शेवटची नोंद २०१३-१४ ची आहे.

ओवी
ताई, हेच जुने ब्लॉग धरून पुढे जा. लेखाखालच्या प्रतिक्रिया वाचा. ज्याची प्रतिक्रिया जाणती वाटेल त्याच्या नावावर टिचकी मारा. ब्लॉगर वापरणाऱ्यांच्या ओळखपानावर त्यांचे स्वतःचे ब्लॉग दिसतात, आणि त्यांनी लपवलं नसेल तर ते कोणाचे ब्लॉग वाचतात तेही. मला माझे सगळ्यात आवडते ब्लॉग असेच सापडलेत. चांगला वाचक बहुधा स्वतः कुठेतरी लिहीत असतोच.
शोधायचं झालं तर "मराठी ब्लॉग" हे शब्द टाकूच नका. स्वतःच्या ब्लॉगवर कोणी "मराठी ब्लॉग" असं कशाला लिहील? तो लिहिणार "आमच्याकडे", "परवा", "आजीनं". शोधपेटीत रोमनमध्ये साइट, मग कोलन, मग ब्लॉगस्पॉट.कॉम असं लिहा आणि पुढे मराठीत असे दोन-तीन शब्द द्या. शब्द हिंदीत नसलेले निवडा, नाहीतर देवनागरी म्हणून हिंदी ब्लॉगांचा ढीग येतो. गूगलच्या शोधपानावरची साधनं (टूल्स) वापरून कालावधी गेल्या वर्षापुरता ठेवा. वर्डप्रेस.कॉमसाठीही हेच करा.
पण तुम्हाला कसले ब्लॉग हवेत ते अजून सांगितलं नाहीत.

कोयनाकाठ
सांगते. मी पाटणजवळ शाळेत शिकवते. ब्लॉगवर गावातलं बियाणं, नाचणी-वरीची शेती, म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेलं असं लिहिते. मला स्वतःच्या कामाबद्दल लिहिणारी माणसं हवीत. नर्स, एसटीतले वाहक, तलाठी, गवंडी, कोणीही. वृत्तपत्रात त्यांच्याबद्दल छापून येतं, त्यांनी स्वतः लिहिलेलं क्वचित. प्रवासवर्णनं आणि पाककृती खूप मिळाल्या, त्या नकोत.

रानमेवा
पाटणची माणसं भेटली की आनंद होतो. मामाचं गाव मोरगिरीकडे. तिकडे आता वरी कोणी करतं का? आमच्याकडे सगळं ऊस झालं.

कोयनाकाठ
वर डोंगराला थोडी आहे, नाचणी जास्त. ब्लॉगचं बोला ना.

साक्षेपी
परवानगीचा प्रश्न सुटला नाही म्हणून लिहितो. नुसती लिंक आणि तुमचं मत द्यायला परवानगी लागत नाही. समीक्षेसाठी लेखातला छोटा उतारा नावासकट घेता येतो, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये तशी मुभा आहे. अख्खा लेख किंवा त्यातले फोटो उचलायचे तर विचारायलाच हवं.

यशस्वी_भव
अशा यादीत निदान पन्नास-शंभर ब्लॉग घ्या. आणि प्रत्येकाला कळवा, म्हणजे तेही तुमची लिंक देतील.

ओवी
मला हे अजिबात पटत नाही. देवाणघेवाण ठरवून केलेली शिफारस वाचकाला लगेच कळते. शंभर नावं कोण उघडणार? पाच-सहा घ्या, पण पूर्ण वाचलेले. प्रत्येकाच्या मुखपृष्ठाची नको, एका विशिष्ट लेखाची लिंक द्या आणि तो का वाचावा हे दोन-तीन ओळींत सांगा. मुखपृष्ठावर गेलेला माणूस वरची ताजी नोंद बघतो. ती बहुतेक वेळा "सध्या लिहायला वेळ नाही" अशीच असते, आणि तो परत फिरतो.

कोयनाकाठ
ओवी, हे पटलं, असंच करते. पण एक अडलंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रतिक्रियांवरून शोधत गेले आणि एक ब्लॉग मिळाला. रात्रपाळीतल्या परिचारिकेचा. टोपणनाव आहे, रुग्णालयाचं नाव कुठेही नाही, प्रतिक्रिया जवळपास शून्य. इतकं खरं लेखन मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. तो सगळ्यांना दाखवायचा आहे. पण दाखवल्यामुळे तिला कामावर त्रास झाला तर?

साक्षेपी
कायद्याने काही अडत नाही. ब्लॉग जाहीरच आहे.

जुनी_वही
कायदा बाजूला ठेवा हो. वीस माणसांनी वाचणं आणि हजारांनी वाचणं यात फरक आहे. तिने वीस जणांच्या हिशेबाने लिहिलं असेल. टोपणनावाने लिहिणाऱ्याला नेहमी आधी विचारावं, माझं हे ठाम मत आहे.

टोरांटोकर
इथे मी जुनी_वहींच्या बाजूने. आधी तिला लिहा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. रविवार महत्त्वाचा नाही.

ओवी
प्रतिक्रियेतून विचारू नका, ती सगळ्यांना दिसेल. ओळखपानावर ईमेल असेल तर तिथे लिहा. आणि शिफारशीत गाव, पाळी, विभाग असं काही जुळवून सांगू नका. लेखांमध्ये विखुरलेलं असतं तोवर कोणाच्या लक्षात येत नाही, तुम्ही एका ओळीत आणलंत की ओळखीचा माणूस लगेच ओळखतो.

कोयनाकाठ
ईमेल आहे, आत्ताच पाठवला. ती हो म्हणाली तरच तिचा ब्लॉग घेईन. रविवारी बाकीचे चार लावते. ब्लॉगरवर यादी कशी लावायची? हाताने लिंका चिकटवू का?

पंत_डोंबिवली
ब्लॉगरच्या लेआउटमध्ये जाऊन गॅजेट (पानाच्या कडेला लावायचा तयार भाग) जोडा, त्यात "ब्लॉग लिस्ट" आहे. पत्ते टाका (सगळे .कॉमचे!), ताज्या नोंदीचं शीर्षक दाखवा आणि क्रम "नुकतेच अद्ययावत झालेले" असा ठेवा. जो लिहितो तो आपोआप वर येतो, बंद पडलेला खाली जातो.

कोयनाकाठ
लावलं. संगणकावर दिसतंय, मोबाइलवर नाही.

पंत_डोंबिवली
जुन्या थीमच्या मोबाइल रूपात कडेचा भाग दिसत नाही. थीमच्या पर्यायांत मोबाइलसाठी "डेस्कटॉप" निवडा. नाहीतर "पाने" मध्ये वेगळं पान करून ओवी म्हणाल्या तशा दोन-तीन ओळींच्या शिफारशी तिथे लिहा आणि त्याची लिंक वरच्या पट्टीत द्या. मी असतो तर दुसरं केलं असतं. गॅजेटमध्ये "का वाचावं" लिहायला जागाच नसते.

रानमेवा
पान झालं की लिंक इथे द्या. आणि कोयनाकाठ, वरीच्या बियाण्याबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बघाल का?