मदत हवी आहे: भरलेल्या छोट्या कोंबड्या ओव्हनमध्ये रोस्ट करायच्यात, शनिवारपर्यंत

मानसी_माहीम
शनिवारी रात्री घरी आठ जणांचं जेवण आहे. प्रत्येकाच्या ताटात एकेक अख्खी छोटी कोंबडी, आत सारण, बाजूला भाजलेली कंदमुळं, असा बेत आहे. परवा रविवारी चार करून बघितल्या. मांस चिवट आणि कोरडं, सारण मधोमध गुलाबी, गाजरं कडक. २०० अंशांवर ५० मिनिटं ठेवलं होतं, बटर भरपूर लावलं होतं. कुठे चुकतंय? कृपया रेसिपीच्या लिंका नकोत, वीस वाचून झाल्यात.

खवय्या_गिरगाव
छोटी म्हणजे किती ग्रॅमची? माझं ऐका, कोंबडी सोडा आणि बटेर घ्या. फार्मवरची बटेरं दीड-दोनशे ग्रॅमची असतात, २२० वर वीस मिनिटांत होतात. एका ताटात दोन ठेवा, काय देखणी दिसतात!

बल्लव_दादर
आधी ओव्हन कुठला ते सांगा. ओटीजी की मायक्रोवेव्ह? किती लिटर? सारणात काय होतं? कोंबड्या फ्रीजमधून काढून थेट आत घातल्या का? भाज्या कुठल्या, किती मोठ्या चिरल्या? नुसतं '२०० वर ५० मिनिटं' यावरून काही सांगता येत नाही.

मानसी_माहीम
कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह, २८ लिटर. कोंबड्या पाचशे-साडेपाचशेच्या. बटेर नको, कोंबडीच हवी आहे. सारण मटण खिम्याचं, कच्चाच भरला होता, कोंबडीबरोबर शिजेल म्हणून. शनिवारी रात्रीच भरून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि सकाळी थेट आत. भाज्या गाजर, बीट, रताळं, बटाटा. सगळं एकाच ट्रेमध्ये कोंबड्यांभोवती.

वसईची_लेक
मानसी, कच्चा खिमा रात्रभर पोटात भरून ठेवू नकोस गं. बाहेरचं मांस शिजलं तरी गार सारणाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला फार वेळ लागतो, आणि तो शिजेपर्यंत कोंबडी वाळून जाते. तुझं नेमकं तेच झालं. आमच्याकडे नाताळला आई कलेजी-पेटा बारीक चिरून कांद्यावर आधी पूर्ण परतून घेते. त्यात उकडलेला बटाटा, शिळ्या पावाचा चुरा, मिरी, थोडा व्हिनेगर. हे सारण कोमट असतानाच, ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी भरायचं, तेही सैल. पाव रस पिऊन फुगतो, दाबून भरलंस तर आतलं शिजत नाही.

बल्लव_दादर
सारण आत भरूच नये असं माझं ठाम मत आहे. पोटात अर्धं लिंबू, लसणाच्या चार पाकळ्या, कोथिंबिरीचे देठ घाला. सारण वेगळ्या भांड्यात भाजा आणि वाढताना बाजूला द्या. कोंबडी लवकर होते, रसाळ राहते.

वसईची_लेक
मग ती भरलेली कोंबडी कशी? कापल्यावर आतून सारण बाहेर येतं आणि त्यात कोंबडीचा रस मुरलेला असतो, सगळी चव तिथेच आहे. भांड्यातलं सारण म्हणजे पावाचा उपमा.

बल्लव_दादर
चव मान्य. पण आठ पाहुण्यांपुढे कच्चं सारण निघण्यापेक्षा ते बरं. भरायचंच असेल तर थर्मामीटर घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश आणि सारणाच्या मध्यातही ७४. दोन्ही ठिकाणी बघायचं. नुसत्या रंगावर जाऊ नका, कोवळ्या कोंबडीचं मांस हाडाजवळ पूर्ण शिजूनही लालसर दिसू शकतं.

अलिबागकर
एवढा खटाटोप कशाला? पोपटी लावा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, रताळी, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, मसाला लावलेली कोंबडी, वरून परत पाला आणि भोवती जाळ. कंदमुळं आणि कोंबडी एकत्र भाजायची आमच्या रायगडची रीत आहे ती. भांडं उपडं करून पाला बाजूला केला की जो वास येतो, त्यापुढे ओव्हन काय!

खवय्या_गिरगाव
दादा, माहीमच्या फ्लॅटमध्ये मडक्याभोवती जाळ करायचा कुठे? आणि भांबुर्डी आणायची कुठून? मानसीताई, बटेराचा परत विचार करा. फक्त फार्मचंच घ्या. रानातले लावे पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

नलिनी_पार्ले
कंदमुळांत नवलकोलही छान लागतो हो. आणि बीटचे डाग ओट्यावरून लिंबू-मिठाने जातात.

बल्लव_दादर
नवलकोल खोड आहे, मूळ नाही.

नलिनी_पार्ले
बटाटा तरी कुठे मूळ आहे? ताटात सगळे एकच. भाज्यांचं खरं सांगते: सगळ्या एका वेळी घालू नका. गाजर आणि बटाटा ६-७ मिनिटं उकळत्या पाण्यात काढून, निथळून, कोरडे करून घाला. रताळ्यात साखर जास्त, लवकर करपतं, ते शेवटच्या २५ मिनिटांत. बीट वेगळ्या भांड्यात, नाहीतर सगळा ट्रे गुलाबी. तुकडे एका मापाचे, तीनेक सेंटीमीटरचे. सुरण घेतलात तर आधी चिंचेच्या पाण्यात. मात्र २८ लिटरमध्ये चार कोंबड्या आणि त्यांच्याभोवती भाज्या खच्चून भरल्या तर त्या भाजत नाहीत, वाफेवर शिजतात.

बल्लव_दादर
मानसी, एक विचारायचं राहिलं. कोंबड्या कातडीसकट होत्या ना?

मानसी_माहीम
कातडी? चिकनवाला काढूनच देतो ना. नेहमी तशीच तर घेतो.

वसईची_लेक
अगं! आधी का नाही सांगितलंस?

बल्लव_दादर
निम्मं उत्तर इथेच आहे. रस्सा करायला सोललेली चालते, रोस्टला नाही. कातडी आणि तिच्याखालची चरबीच आतलं मांस ओलं ठेवते, वरचा सोनेरी रंगही तिचाच. चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगा: गरम पाण्यात बुडवून फक्त पिसं काढ, कातडी ठेव, पोट उभं फाडू नको, शेपटीकडून लहान छेद घेऊन साफ कर. तंदूरीवाले घेतात ती लहान कोंबडी माग, म्हणजे त्याला बरोबर कळतं. घरी आणल्यावर आतबाहेर कोरडी पुसा, एका कोंबडीला साधारण एक चहाचा चमचा मीठ चोळा आणि फ्रीजमध्ये रात्रभर न झाकता ठेवा. कातडी सुकते, मग कुरकुरीत होते. सारण मात्र भाजायच्या वेळीच.

जुनी_मुंबई
जवळचा ऐकत नसेल तर क्रॉफर्ड मार्केटला चौकशी करा. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ ची इमारत, विल्यम इमर्सनचा आराखडा, प्रवेशद्वारावरची शिल्पं लॉकवूड किपलिंगची. वर बघायला विसरू नका, गेलात तर.

सर्किट_ठाणे
मी स्वयंपाकातला नाही. पण आठ कोंबड्या म्हणजे दुसरा ओव्हन लागणार. दोन्ही २००० वॅटचे असतील तर २३० व्होल्टला मिळून १७ अँपिअरच्या वर जातं. १६ अँपिअरच्या एकाच पॉइंटवर एक्स्टेन्शन लावून चालवू नका, ट्रिप होईल. एक स्वयंपाकघरात, दुसरा एसीच्या पॉइंटवर.

मानसी_माहीम
हे फार उपयोगी, धन्यवाद. शेजारच्या काकूंकडे ओटीजी आहे, तो आणते.

पोटोबा_कल्याण
मला कळत नाही, आठ माणसांसाठी सरळ पांढरा रस्सा-तांबडा रस्सा का नाही? मुंबईत पाहुण्यांना रोस्टचं काय एवढं?

मानसी_माहीम
पाहुण्यांसाठी नाही, बाबांसाठी आहे. लिहायचं राहिलंच. बाबा २६ वर्षं मालवाहू बोटींवर सलून स्टुअर्ड होते. नाताळच्या रात्री अधिकाऱ्यांच्या टेबलावर अशी एकेक छोटी कोंबडी जायची, पोटात सारण, बाजूला गाजर-बटाटे. बाबा डाव्या हातावर तीन ताटं घेऊन वाढायचे, बोट डोलत असताना. तुम्ही खाल्लीत का कधी, असं लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, "खाल्ली, पण गरम असताना नाही." शनिवारी त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांनी बसायचं आणि आम्ही वाढायचं, म्हणून हे सगळं.

पोटोबा_कल्याण
माझा प्रश्न मागे घेतो. जरूर करा.

वसईची_लेक
मग सारण आतच भर. बल्लव काय म्हणायचं ते म्हणू देत.

बल्लव_दादर
भरा, भरा. पण थर्मामीटर घेऊनच. दुपारी भाज्या वेगळ्या ट्रेमध्ये पाऊण भाजून ठेवा. संध्याकाळी दोन्ही ओव्हनमध्ये चार-चार कोंबड्या, पाय सुती दोऱ्याने बांधून. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तशाच राहू द्या, तेवढ्यात भाज्या ट्रेमधल्या रसात घोळवून २२० वर परत घाला. ताटात दोन्ही एकदमच गरम येतील.

मानसी_माहीम
काल रात्री ओटीजीत दोन करून बघितल्या, कातडीसकट. चिकनवाल्याने तीनदा विचारलं, "नक्की ठेवू?" सारण वसईच्या पद्धतीचं, त्यात थोडे काजू. ५० मिनिटांनी मांडीत ७६ आणि सारणात ६८. आणखी आठ मिनिटं ठेवल्यावर सारण ७४ झालं. सुरी लावली तर कातडी पापडासारखी मोडली आणि आतून रस ओघळला. गाजरात सुरी सहज गेली. रताळी थोडी करपली, ती उशिरा घालेन. बाबा झोपल्यावर केलं सगळं, सकाळी म्हणाले, रात्री कसला वास येत होता?

वसईची_लेक
किती छान! आता शनिवारी फक्त ताटं गरम करून घे. गार ताटात अशी कोंबडी पाच मिनिटांत निवते.

मानसी_माहीम
हो की! ओव्हनमध्येच ठेवते दहा मिनिटं. ताटं काचेची आहेत, चालतील ना?

बल्लव_दादर
काचेची म्हणजे कुठली? मागच्या बाजूला ओव्हनचं काही लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर ओव्हनमध्ये नको, कोमट पाण्यातून हळूहळू गरम पाण्यात नेऊन, पुसून घ्या.