नाव एक, क्लब वेगळे

ऑलिम्पिया हा स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथला फुटबॉल क्लब. १९९२ची ऑलिम्पिया आणि आजची ऑलिम्पिया एकच धरून त्यांच्या लीग विजेतेपदांची बेरीज केली, तर तिथेच गफलत होते. १९९१-९२मध्ये स्वतंत्र स्लोव्हेनियाची पहिली लीग २१ संघांची होती. ती आणि पुढच्या तीन, अशा सलग चार लीग जुन्या ऑलिम्पियाने जिंकल्या. पण तो क्लब कर्जात बुडून बंद पडला. २००५मध्ये 'बेझिग्राद' नावाने नवा क्लब निघाला, थेट लीगच्या पाचव्या स्तरावर, आणि सलग चार बढत्या मिळवत २००९मध्ये सर्वोच्च स्तरावर आला. आजची ऑलिम्पिया ती हीच. स्लोव्हेनियन फुटबॉल महासंघ दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवतो. नव्याचं पहिलं विजेतेपद २०१६चं. चाहत्यांना हे पटत नाही, तो भाग वेगळा!

म्हणून २००५-०६चे निकाल शोधताना 'ऑलिम्पिया' टाकून काही हाती लागणार नाही. 'बेझिग्राद' टाका, आणि राष्ट्रीय लीगऐवजी ल्युब्लियानाच्या आंतरपालिका संघटनेचे तक्ते पाहा. तिसऱ्या स्तराखालच्या लीग अशा नऊ प्रादेशिक संघटनांच्या हाती असतात.

मुर्स्का सोबोता या स्लोव्हेनियन शहराचं त्याहून किचकट, तिथे एकामागून एक तीन क्लब झाले: मुरा, मग मुरा ०५, मग आताची मुरा. २०२१मध्ये लीगच्या शेवटच्या दिवशी मारिबोर क्लबला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवून विजेती ठरली ती ही तिसरी.