मदत हवी आहे: बाबांना चालतं करायला घरात-सोसायटीत काय बदलू?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. बाबा ६४ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम सांगते, डॉक्टरही चालायला सांगतात. पण मागे लागलं की दोघांचीही चिडचिड होते. म्हणून बोलणं थांबवून मी घराची मांडणीच बदलली.

फरसाणाचे डबे माळ्यावर गेले. टेबलावर पेरू आणि कापलेली काकडी असते. सकाळी पदेराकडून (पाववाल्याकडून) उंड्यांऐवजी, म्हणजे मैद्याच्या गोल पावांऐवजी, पोई म्हणजे कोंड्याचा पाव घेते. भाताचं पातेलं आता स्वयंपाकघरातच ठेवते. समोर दिसत नसल्यामुळे दुसऱ्यांदा वाढून घेणं आपोआप कमी झालं. एवढ्याने फरक पडेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

चालण्याचं मात्र अडलंय. समोरचा रस्ता चढाचा, कडेला चालायला जागा नाही, आणि पावसाळ्यात तर बाहेर पडणंच होत नाही. २००९ साली स्टॉकहोमच्या एका मेट्रो स्थानकात जिन्याला पियानोच्या पट्ट्या बसवल्या होत्या, आणि लोक सरकता जिना सोडून पायऱ्या चढू लागले. आमचा जिना तीन मजल्यांचा, पण काळोखा. म्हणून सगळे लिफ्टनेच जातात.

कुणी आपल्या सोसायटीत जिन्याला दिवे, रंग, बसायला बाक असं काही केलंय का? खर्चाला कमिटी कशी तयार झाली? आणि फोंड्याच्या आसपास पावसात छपराखाली चालता येईल अशी जागा माहीत असेल तर कृपया सांगा. बाबांचे गुडघे ठीक आहेत.