३०० मिलिमीटरवर काढलेला प्रत्येक फोटो सॉफ्ट (धूसर) येतो : दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न

नमस्कार. गेले दोन हिवाळे मी भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, होडीतून पक्ष्यांचे फोटो काढत आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उत्तम दिसतात, परंतु घरी संगणकावर मोठे करून पाहिले की रोहित पक्ष्याचा डोळा, चोचीची कड, पिसांच्या रेषा यांपैकी काहीच स्पष्ट नसते. ७० मिलिमीटरला काढलेले पाण्याचे आणि होड्यांचे फोटो मात्र चांगले येतात.

मी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र मी ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) एफ ५.६ ठेवतो (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि फोटोत दाणे येऊ नयेत म्हणून आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० च्या वर जात नाही. त्यामुळे सकाळी सातच्या सुमारास शटर स्पीड १/२०० सेकंद मिळतो आणि ऊन चढल्यावर तो १/८०० पर्यंत जातो. सर्व फोकस बिंदू चालू असतात. काही फोटो एफ २२ वर काढून पाहिले, तेही सॉफ्टच आले. लेन्ससोबत दुकानदाराने दिलेला साधा यूव्ही फिल्टर पहिल्या दिवसापासून लावलेला आहे. लेन्स दुरुस्तीला द्यावी, बदलावी, की माझ्याच पद्धतीत चूक आहे? पुढच्या फेरीपूर्वी हे समजले तर फार बरे होईल.

उत्तर १

लेन्स बदलण्याची घाई करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत सॉफ्टपणाची किमान चार वेगवेगळी कारणे दिसतात, आणि ती एकाच वेळी हजर असल्यामुळे एक दुरुस्त करूनही फरक जाणवला नसेल. ७० मिलिमीटरला फोटो चांगले येतात यावरून लेन्स निर्दोष ठरत नाही, कारण हाताची थरथर, फोकसची चूक आणि काचेतील दोष हे तिन्ही लांब टोकालाच ठळक होतात.

प्रथम जुने फोटो १०० टक्के मोठे करून शांतपणे वाचा. पक्षी धूसर आहे, पण त्याच्या मागचे किंवा पुढचे गवत स्पष्ट आहे, असे असेल तर फोकस चुकला आहे. पाण्यावरचे चमकते ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे लांबट झाले असतील तर कॅमेरा हलला आहे. काठ स्पष्ट आणि फक्त पंख पुसट असतील तर पक्षी हलला आहे. संपूर्ण चौकटीत कुठेही काहीच स्पष्ट नसेल आणि कडा दुहेरी दिसत असतील, तर संशय फिल्टरवर किंवा हवेवर घ्यावा.

सकाळच्या फोटोंबाबत मला हाताच्या आणि होडीच्या हालचालीची जवळजवळ खात्री वाटते. एपीएस-सी सेन्सरवर ३०० मिलिमीटरचे दृश्य फुल-फ्रेमवरच्या साधारण ४५० मिलिमीटरइतके अरुंद होते, म्हणून स्थिर जमिनीवर उभे राहूनही १/५०० हा किमान वेग धरावा. होडीत बसून, तेही चालत्या पक्ष्याचा फोटो घेताना, १/१००० च्या खाली जाऊ नये आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० गाठावा. लेन्समधील स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर कमी करते, पक्ष्याची हालचाल थांबवू शकत नाही. तेव्हा आयएसओ ८०० किंवा १६०० करायला कचरू नका. दाणे नंतर बऱ्याच अंशी कमी करता येतात, हललेला फोटो मात्र परत स्पष्ट होत नाही.

एफ २२ चा उपाय तर उलटा पडला. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि एका बिंदूची सुमारे ३० मायक्रॉन रुंदीची चकती होते, तर तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा आहे. शिवाय त्या छिद्रामुळे शटर आणखी मंदावला. एफ ५.६ ते एफ ८ यांच्या पलीकडे या कामासाठी जाण्याचे कारण नाही.

फोकसबाबत एवढेच सांगतो की ३०० मिलिमीटर, एफ ५.६ आणि २० मीटर अंतर असताना स्वीकारार्ह स्पष्टतेची खोली एकूण सुमारे १ मीटर असते, आणि ५ मीटरवर ती ६ सेंटीमीटरांपर्यंत येते. सर्व बिंदू चालू असले की कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची ठळक वस्तू पकडतो. एकच मधला बिंदू निवडा, तो डोळ्यावर ठेवा आणि सतत फोकसचा पर्याय वापरा.

उत्तर २

मी फक्त फिल्टरबद्दल लिहितो. स्वस्त फिल्टरची काच पूर्ण सपाट नसते. लहान फोकल लांबीला (उदा. ७० मिलिमीटरला) हे कळत नाही, ३०० ला मात्र चित्र बिघडते. तो काढून एक दिवस फोटो काढा. संरक्षणासाठी लेन्स हुड लावा, त्याने तिरक्या उन्हाची चमकही अडते.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांत हवेचा उल्लेख ओझरता आला आहे, पण तुमचे १/८०० वेगाचे फोटोही सॉफ्ट आहेत, याचे उत्तर मला तिथे दिसते. ऊन चढले की काठावरची जमीन तापते, पाण्यावरच्या हवेत वेगवेगळ्या तापमानाचे थर मिसळू लागतात आणि त्यांतून येणारा प्रकाश सतत थोडा थोडा वाकतो. शंभर मीटरवरचा थवा अशा वेळी कितीही महागड्या लेन्सने स्पष्ट येणार नाही. मी स्वतः दहानंतर दूरचे पक्षी टिपण्याचा नाद सोडला आहे. त्या वेळी जवळ आलेल्या एखाद्या शेकाट्यावर (लांब पायांचा पाणपक्षी) लक्ष द्यावे. वातानुकूलित गाडीतून लेन्स एकदम बाहेर काढत असाल तर तेही टाळा, कारण थंड काचेवर दमट हवेचे बाष्प बसते. बॅग बंद ठेवूनच तिला बाहेरच्या हवेशी जुळवून घेऊ द्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सुट्टीत घराच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला, स्थिरीकरण बंद केले, दोन सेकंदांचा टायमर ठेवला आणि १० मीटरवर वर्तमानपत्र व त्याच्या बाजूला तिरकी मोजपट्टी उभी केली. फिल्टरसह लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत) फोकस करूनही अक्षरे दुहेरी दिसली. फिल्टर काढताच ती स्वच्छ झाली. मात्र व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून), दर वेळी आधी फोकस पूर्ण बिघडवून, दहा फोटो काढले तेव्हा आठ फोटोंमध्ये स्पष्ट भाग वर्तमानपत्राच्या सुमारे १५ सेंटीमीटर मागे पडला. याचा अर्थ लेन्स सदोष आहे का?

उत्तर १ लिहिणाऱ्याकडून

तुम्ही फार नीट चाचणी केली. लाइव्ह व्ह्यूमध्ये अक्षरे स्वच्छ येतात, म्हणजे लेन्सची काच चांगली आहे. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरने फोकस करताना मोजणी सेन्सरवर न होता खालच्या वेगळ्या फोकस मॉड्यूलवर होते, आणि त्या मोजणीचा लेन्सशी मेळ थोडा जरी चुकला तरी फोकस सातत्याने पुढे किंवा मागे पडतो. तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये ऑटोफोकस सूक्ष्म समायोजनाची सोय असेल तर आकडा उणे बाजूला दोन-दोन पायऱ्यांनी सरकवत हीच चाचणी पुन्हा करा. बहुतेक कॅमेऱ्यांत उणे आकडा फोकस आपल्याकडे आणतो. नंतर ७० मिलिमीटरलाही तपासा, कारण झूम लेन्सच्या दोन टोकांची गरज वेगळी असू शकते. तुम्ही पक्ष्यांसाठीच ही लेन्स वापरत असल्यामुळे ३०० च्या टोकाला प्राधान्य द्यावे. अशी सोय नसेल तर सेवा केंद्रात कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र द्या, आणि मोजपट्टीचे हे फोटो सोबत न्या.